समोरच्यांच्या मीटरमधले दिवे

"सुनंदा, अगं ए सुनंदा! जरा भिंतीपाशी ये. काल संध्याकाळी समोरच्यांच्या गाडीचं बोनेट उघडून तू काय करत होतीस? आमच्या ह्यांनी गच्चीवरून पाहिलं."

"काकांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मीटर धरला होता, काकू. हे खुर्चीत बसून सांगत होते आणि मी लाल-काळी वायर लावत होते. गुडघ्यामुळं ह्यांना वाकवत नाही आणि आकडा वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, तसं जमवून घेतलंय आम्ही."

"अगं पण दुकान बंद केलंत ना कधीच?"

"शटर बंद केलं. माणसं कुठं यायची थांबतात? त्यातून ह्यांची आधी एसटीच्या वर्कशॉपात नोकरी, मग मिरज रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. सांगलीत कुणाच्या गाडीत दिवा लागला की तो आमच्या फाटकाशी येऊन हॉर्न मारतो. वाजत असला तर."

"बरं, मूळ गोष्ट सांग. मी ऐकलं की त्यांच्या गाडीचा मेंदूच गेला म्हणे. लाखभर रुपये सांगितले."

"लाखाच्या वर. कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. ईसीएम, एबीएसचं युनिट, स्टिअरिंगची मोटर. तीन ओळी, आणि तिन्हींपुढं 'बदलणे'."

"कुठल्या गॅरेजनं दिला कागद?"

"नाव नका विचारू. भिंतीला कान असतात आणि ही तर आपल्या दोघींची सामाईक भिंत. पण काय झालं ते पहिल्यापासून ऐका. गाडी सकाळी सुरू करताना सेल मारला की कण्हायची. दोन-तीनदा 'घर्र घर्र', मग सुरू. समोरचे म्हणाले, बॅटरी गेली. नवी टाकली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग एका संध्याकाळी विश्रामबागच्या चौकात वळण घेताना सगळे दिवे एकदम लागले. चेक लाईट, एबीएस, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, सगळे. स्टिअरिंग दगडासारखं जड. घाम फुटला हो त्यांना. कशीबशी कडेला घेतली, चावी काढली, पाच मिनिटांनी पुन्हा लावली तर एकही दिवा नाही."

"म्हणजे बाहेरचं काहीतरी असणार."

"काकू! लिंबू-मिरची काय कमी बांधलीय त्यांनी? ती पुढच्या बंपरवर आहेच. अहो, एवढं सगळं एकाच क्षणी बिघडतं का कधी? एबीएसचा सेन्सर चाकापाशी, एअरबॅगचा डबा गिअरच्या दांड्याखाली, स्टिअरिंगची मोटर त्या खांबावर. ह्यांचं एक ठरलेलं आहे. एक दिवा लागला तर त्या दिव्याचं बघायचं. पाच लागले तर पाचही विसरायचे आणि बॅटरीपासून सुरुवात करायची. बॅटरी, चार्जिंग, अर्थ. ह्या तिन्हींतून सुटला तरच पुढं जायचं."

"पण गॅरेजवाल्यानं लॅपटॉप लावला होता म्हणे. त्यात आलं असेल ना लिहून?"

"तिथंच तर लोक फसतात. स्टिअरिंगखाली ते सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. आपल्याकडं बीएस-चारबरोबर २०१० ला ओबीडी सुरू झालं आणि २०१३ पासून ओबीडी-दोन. स्कॅनर लावला की कोड येतात, खरंय. पण कोड तक्रार कुणाची आहे ते सांगतो, चूक कुणाची ते नाही सांगत. हे आपल्या गल्लीसारखंच आहे बघा. पाणी कमी आलं की सगळ्यात आधी कोण ओरडतं? शेवटच्या घरातल्या वहिनी. म्हणून दोष त्यांच्या नळाचा असतो का? व्हॉल्व्ह सोडणारा चौकात असतो. आणि ह्या सगळ्या कंट्रोलरांचं आपापसात बोलणं चालूच असतं, दोन पिळलेल्या वायरींवरून. कॅन म्हणतात त्याला, बॉशनं १९८६ मध्ये लोकांपुढं आणलं. एकाला करंट नीट मिळाला नाही की तो गप्प बसतो, मग बाकीचे चौघं लिहून ठेवतात, 'अमक्याचा निरोप आला नाही'. म्हणून दिवे पाच, दुखणं एक."

"मग समोरच्यांच्या कोडात काय आलं होतं?"

"बरेच होते. त्यात 'यू'नं सुरू होणारे पुष्कळ. 'यू' म्हणजे बोलणं तुटलं. आणि सगळ्यांच्या तळाशी एक होता, पी ०५६२. तो छापील कागदावर होता, काकू, गॅरेजवाल्याच्याच कागदावर! त्याचा अर्थ, सिस्टीमचा व्होल्टेज कमी पडला. तो वाचून कुणी मोठं काही बदलेल का? पण वरच्या ओळी महागाच्या होत्या ना."

"हरामखोर मेले."

"सगळे तसे नसतात हो. पुष्कळांना तो मीटर घेऊन वाकायचा कंटाळा. स्कॅनर जे नाव घेईल ते बदलायचं, बसलं तर बसलं. पण त्याच्या आधी समोरचे ज्या एकाकडे गेले होते ना, त्यानं आणखी वाईट केलं. त्यानं बॅटरीचं टर्मिनल काढलं, चहा पिऊन आला, परत लावलं. दिवे गेले! पाचशे रुपये घेतले."

"पण गेले ना दिवे?"

"दुसऱ्या दिवशी परत आले. आणि दरम्यान पुरावा गेला. दिवा लागतो त्या क्षणाची नोंद असते हो आत. गाडी किती वेगात होती, इंजिन किती गरम, फेरे किती. फ्रीज फ्रेम म्हणतात तिला. टर्मिनल काढलं की पुष्कळ गाड्यांत ती पुसली जाते. दिवा घालवायला आलेल्याला हे पहिल्यांदा बजावायचं: आधी कोड लिहून घे, फोटो काढ, मग हात लाव."

"बरं बाई, तुम्ही काय केलंत ते सांग. वाटाण्याच्या शेंगा आण इकडं, सोलत सोलत ऐकते."

"घ्या हे सूप. आधी गाडी बंद असताना बॅटरीवर मीटर लावला. भरलेल्या बॅटरीला १२.६ यायला हवेत. समोरच्यांच्या नव्या कोऱ्या बॅटरीला १२.२. म्हणजे अर्धीच भरलेली. मग गाडी सुरू केली, हेडलाईट लावले, पंखा चारवर, मागच्या काचेचा हीटर चालू. सुरू गाडीला १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं, तर बॅटरीवर साडेबारा-बारा सहा. समोरचे लगेच म्हणाले, अल्टरनेटर गेला."

"अल्टरनेटर म्हणजे डायनॅमोच ना?"

"आपल्याकडं अजून डायनॅमोच म्हणतात, चालेल. पण हे म्हणाले, थांबा. काळी वायर बॅटरीवरून काढ आणि डायनॅमोच्याच अंगाला टेकव, लाल त्याच्या मागच्या बोल्टवर. तिथं १४.३! म्हणजे डायनॅमो बिचारा पुरेसं बनवत होता, ते बॅटरीपर्यंत पोचत नव्हतं. वाटेत पावणेदोन व्होल्ट कुणीतरी खात होतं. आता वाटा दोन: जाणारी लाल आणि परतणारी काळी. लोक नेहमी लाल तपासतात. आमचे हे नेहमी आधी काळी."

"काळी म्हणजे अर्थ."

"बरोबर. करंट गेला की त्याला परत यावं लागतं. गाडीचा पत्रा आणि इंजिन हीच परतीची वाट. पण इंजिन रबराच्या पायांवर बसवलेलं असतं, त्यामुळं त्याला बॅटरीशी आणि बॉडीशी जोडणारी जाड वायर नाहीतर तारांची विणलेली पट्टी लागते. मग काळी वायर बॅटरीच्या उण्या टर्मिनलवर आणि लाल इंजिनच्या अंगावर. गाडी सुरू, सगळं चालू. इथं किती यायला हवं सांगा? ०.२ च्या आत. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आले १.७. मी मोठ्यांदा वाचलं तर ह्यांनी खुर्चीत मांडीवर थाप मारली."

"मग म्हणूनच काल तुमच्याकडून एवढा हसण्याचा आवाज येत होता!"

"पुढं ऐका ना. समोरच्यांना स्टिअरिंग कडेपर्यंत फिरवायला सांगितलं. उभ्या गाडीत स्टिअरिंगची ती मोटर खूप करंट ओढते. फिरवलं की बॅटरीवरचा आकडा अकराच्या खाली आणि मीटरमध्ये दिव्यांची रांग. म्हणून तर चौकात वळताना व्हायचं त्यांना, सरळ रस्त्यावर कधी नाही! मग मी जंप केबलची काळी वायर आणली. एक चिमटा बॅटरीच्या उण्याला, दुसरा इंजिनच्या लोखंडी कडीला. बस्स. सेल मारला तर अर्ध्या चावीत गाडी सुरू. बॅटरीवर १४.१. स्टिअरिंग इकडं फिरव, तिकडं फिरव, एक नवा दिवा लागायला तयार नाही."

"अगं बाई! म्हणजे एका वायरीनं बरं झालं?"

"त्या वायरीनं फक्त दाखवलं. मूळ जागा शोधायला खाली बघावं लागलं. गिअरबॉक्सवर बोल्टनं आवळलेला त्या अर्थच्या वायरचा डोळा होता. हातानं हलत होता, काकू, बोटानं! खाली ऑईलचा काळा थर आणि त्यावर गंज. आणि गंमत म्हणजे सारखा सेल मारल्यावर गिअरची केबल हात लावला तर कोमट लागत होती. करंटला परतायला मोठा रस्ता मिळेना म्हणून तो केबलीतून जात होता. हे म्हणाले, एसटीत अशाच एका गाडीची ॲक्सिलरेटरची केबल जळालेली पाहिली होती त्यांनी. तिथं तर चोवीस व्होल्टचं काम."

"पण तो बोल्ट आपोआप कसा सैल होईल?"

"हाच प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. आधी काही काम केलं होतं का? समोरचे म्हणाले, छे, काहीच नाही. तेवढ्यात त्यांच्या मिसेस चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'अहो, दिवाळीच्या आधी क्लच प्लेट नाही का टाकली?' क्लच प्लेट टाकायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. उतरवताना अर्थ काढली, चढवताना घाईत नुसती अडकवली. झालं."

"म्हणजे बायकोला विचारलं असतं तर लाखाचा कागदच आला नसता."

"पॉलिश पेपरनं घासून डोळा चकचकीत केला, बोल्ट आवळला, वर थोडी पेट्रोलियम जेली. आज सकाळी पुन्हा मीटर लावला, ०.०६. ती बॅटरी मात्र फुकटच बदलली गेली. जुनी चांगली होती, आता कुणाच्या तरी इन्व्हर्टरला जोडली असेल."

"आणि तो एअरबॅगचा दिवा? तोही गेला?"

"तो मागं राहिला, त्याचं कारण वेगळंच निघालं. सीट कव्हर नवीन घातलीत ना त्यांनी, ती चॉकलेटी? सीटखाली पिवळ्या रंगाचं कपलर असतं. एअरबॅगच्या आणि बेल्टच्या वायरींना मुद्दाम पिवळा रंग देतात, कुणी सहज हात घालू नये म्हणून. कव्हरवाल्या पोरानं ओढाताण केली असणार. तिथं मात्र आम्ही हात लावला नाही. एअरबॅगला नुसता मीटर लावणंसुद्धा धोक्याचं, फुगला तर तोंड फुटेल. ते कंपनीच्या वर्कशॉपातच."

"आमच्या भाच्यानं जुनी गाडी घेतलीय गं, तिच्यात पण रोज वेगळा दिवा. आज एबीएस, उद्या चेक, परवा काही नाही. पावसात जास्त."

"कधी घेतली? कुणाकडून?"

"एजंटाकडून. फार स्वस्त मिळाली म्हणे."

"काकू, सांगलीत स्वस्त गाडी मिळाली की पहिला प्रश्न एकच: २०१९ च्या ऑगस्टात ती कुठं उभी होती? आणि २०२१ च्या जुलैत? कृष्णेच्या पाण्यात किती गाड्या गेल्या ते आपण पाहिलंय. धुऊन, पुसून, अत्तर मारून त्या बाहेर विकल्या गेल्या, काही फिरून परत आल्या. भाच्याला म्हणावं, सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढ. आतल्या टोकाला गाळाची रेघ असते, तिथंवर धुवायला कुणी जात नाही. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचल, खालच्या खोबणीत गाळ बघ. गालिचा उचलून खाली हात घाल. आणि एखादं कपलर उघडून आतल्या पिना बघ. हिरव्या झाल्या असतील तर गाडी पोहून आलीय. तांब्याला लागलेली ती हिरवी कीड वायरीच्या आत आत सरकत जाते. आज हे कपलर साफ करा, उद्या ते. दिवे पाळीपाळीनं लागत राहणार."

"अरे देवा. आणि नसली पुरातली तर?"

"तर उंदीर. पावसाळ्यात इंजिनची ऊब त्यांना आवडते. वायरीचं वरचं आवरण कुरतडतात, कारण दात सारखे वाढतात, घासल्याशिवाय राहवत नाही. चाकाच्या सेन्सरची बारीक वायर त्यांच्या फार आवडीची, म्हणून एबीएसचा दिवा. लोक तंबाखू ठेवतात, डांबरगोळ्या ठेवतात. आमच्याकडं एकाच्या बोनेटमध्ये डांबरगोळ्यांच्या पुडीशेजारीच पिल्लं सापडली होती. त्यापेक्षा गाडी रोज चालवा, शेजारी धान्याचं पोतं ठेवू नका. आणि काच आणि बोनेट यांच्यामध्ये पानं साचतात ना, ती काढत जा. तिथलं पाणी जायचं भोक तुंबलं की पाणी थेट पायाखाली किंवा फ्यूजच्या डब्यात."

"फ्यूज तर भाच्यानंच बदलला परवा. सारखा उडत होता, म्हणून मोठा घातला."

"किती मोठा?"

"मला काय माहीत? लाल होता, आता हिरवा आहे."

"काकू! लाल म्हणजे दहा ॲम्पिअर आणि हिरवा म्हणजे तीस! आजच्या आज काढायला सांगा. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. तीसचा घातला की फ्यूज शाबूत आणि वायर पेटणार. दहाच्या जागी दहाच. आणि तोही उडाला तर आणखी एक घालायचा नाही, का उडतो ते शोधायचं. त्या गाडीत वरून काही लावलंय का? मोठा हॉर्न, टेप, पांढरे दिवे?"

"सगळंच लावलंय. हौशी आहे."

"तर तिथूनच सुरू करा म्हणावं. गाडीतली मूळ वायर कापून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळून जी काही हौस केली असेल ती आधी उघडी करायची. हेडलाईटचा मूळ बल्ब साठ-पंचावन्न वॅटचा, त्या जागी शंभरचा घालतात आणि रिले लावत नाहीत. मग होल्डर वितळतो आणि लोक सेन्सर शोधत बसतात."

"पण सुनंदा, रस्त्यात दिवा लागला आणि तुमच्यासारखं कुणी शेजारी नसलं तर? थांबायचं का चालवायचं?"

"रंग बघायचा. लाल असेल, आणि ऑईलचा किंवा तापमानाचा असेल, तर तिथल्या तिथं कडेला घेऊन इंजिन बंद. घर जवळ आहे, हळूहळू जाऊ, असं नाही. ऑईलचा दिवा लागल्यावर दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन बसू शकतं. ब्रेकचा लाल लागला तर आधी हँडब्रेक उतरवलाय का बघा, तरीही राहिला तर जायचं नाही. पिवळा असेल तर दमानं न्या आणि दाखवा. पिवळा चेक लाईट लुकलुकत असेल तर मात्र जोर द्यायचा नाही, आत पेट्रोल नीट जळत नाहीये आणि ते पुढं सायलेन्सरमधल्या त्या महागड्या जाळीला जाळतं."

"एवढं सगळं मी ह्यांना सांगते. आमच्या गाडीतही गेल्या आठवड्यापासून एक चमत्कार चाललाय."

"तुमच्याही? मग एवढा वेळ भाच्याचं काय सांगत बसलात?"

"अगं, लाईट बंद असतात. आणि ब्रेक दाबला की मीटरमधले दिवे लागतात. काट्यांच्या मागचे. सोडला की जातात. दिवसा कळत नाही, काल रात्री देवळातून येताना दिसलं. हे म्हणाले, वायरिंग जळतंय, सगळं बदलावं लागेल."

"मागच्या नंबरप्लेटचा दिवा पण लागतो का ब्रेक दाबल्यावर?"

"लागतो! तुला कसं कळलं?"

"मागचा बल्ब कुणी बदलला अलीकडं?"

"ह्यांनीच. पंधरवड्यापूर्वी. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला, म्हणाले, एवढ्यासाठी मेकॅनिक कशाला हवा."

"त्या जागेला दोन तारांचा बल्ब लागतो, काकू. एक मंद, पार्किंगचा, आणि एक जोरदार, ब्रेकचा. खाली दोन ठिपके असतात आणि बाजूच्या खुंट्या वरखाली असतात, चुकीचा बसू नये म्हणून. काकांनी एका तारेचा, एका ठिपक्याचा आणून जोर लावून बसवलाय. तो मोठा ठिपका होल्डरमधल्या दोन्ही पिनांना एकदम टेकतो, म्हणून ब्रेकचा करंट पार्किंगच्या वायरीत घुसतो आणि पार पुढं मीटरपर्यंत जातो."

"म्हणजे वायरिंग बदलायला नको?"

"बल्ब बदला. पार्किंग लाईट आणि ब्रेकचा दोन तारांचा, एवढं म्हटलं की दुकानदार देतो. काकांना पाठवा, पण जुना बल्ब बरोबर घेऊन जायला सांगा."

"ते आता गच्चीवर आहेत. आणि मला वाटतं, सगळं ऐकतायत."

"अहो काका! ऐकलंत ना? दोन ठिपक्यांचा!"